मुक्या पाण्याची मोहीम

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी होडी बाहेर काढली, ती सुरईभर पाण्यासाठी. जर्मनीतल्या श्प्रे नदीच्या शेकडो फाट्यांमध्ये राहणाऱ्या माणसांनी पाणी आणायला मोहीम काढावी, हे ऐकून कुणालाही हसू येईल. हसा खुशाल. पण आमच्या ओल्शिना गावच्या दारातलं पाणी ज्याने पाहिलंय, तो हसणार नाही. गंजलेल्या पत्र्यावरून ओघळावं तसं ते तांबडं आहे. दक्षिणेला कोळशाच्या खाणींनी वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी उपसलं. मग खाणी बंद पडल्या, पंप थांबले, पाणी पुन्हा वर चढलं आणि चढताना मातीतलं लोखंड सोबत घेऊन आमच्या फाट्यात उतरलं. शिंपले मेले, मासे निघून गेले आणि धुवायला टाकलेल्या चादरी पिवळ्या झाल्या.

आमच्या आईला, म्हणजे पावलिनाबाईंना, ईस्टरचं पाणी हवं होतं. आमच्या सोर्ब लोकांत हा जुना रिवाज आहे. ईस्टरच्या पहाटे, सूर्य उगवायच्या आत, घरातल्या बिनलग्नाच्या मुलीने वाहतं पाणी भरायचं आणि उंबरठा गाठेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. त्या पाण्याने डोळे धुतले की दृष्टी टिकते. वाटेत एक शब्द बोललात की संपलं! पाण्याची ताकद जाते आणि उरतं ते नुसतं बडबडं पाणी. आईच्या डोळ्यांपुढे दोन वर्षांपासून धुकं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"वेर्बनाला असताना दर वर्षी लावायची मी," ती म्हणाली. "एकदा लावू दे. मग दिवा विझला तरी चालेल."

वेर्बना हे तिचं माहेर. ते आता कुठेच नाही. खाणीने देवळासकट गिळलं.

घरातली बिनलग्नाची मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण वोर्शा. वय एकोणपन्नास. ती बिनलग्नाची का राहिली, त्याचं कारण होडीच्या मागच्या टोकाला उभं होतं. गेर्ड. वेर्बनाखालची माती उपसणारं अजस्र यंत्र जे लोक चालवत, त्यांतला हा एक. तेव्हा तो विशीतला पोरगा होता आणि पगार घेऊन आपल्या आईला पोसत होता. पण आमच्या आईने एकदाच सांगितलं, "माझं गाव खाणारा माझ्या घरात जेवणार नाही." गेली वीस वर्षं गेर्ड दर रविवारी आमच्या कुंपणापाशी येतो, वोर्शाशी दोन शब्द बोलतो आणि परत जातो. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही.

माझा खांदा दुखावलेला, त्यात वेलीसारखे वळणारे गोठलेले फाटे. एकट्याने काठीने होडी रेटणं शक्य नव्हतं. गेर्ड आपणहून आला. आईला मात्र मी सांगितलं की दुसऱ्या काठीला शेजारचा कुणीतरी आहे.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस, दादा?" वोर्शा म्हणाली.

"आईशी भांडण नको, म्हणून भांडं लपवतो," मी म्हणालो.

मी मातो. उन्हाळ्यात पर्यटकांना होडीतून फिरवतो आणि त्यांना हसवून हसवून पोट भरतो. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला आईने अनेकदा सांगितलंय.

स्वच्छ पाणी उत्तरेला होतं, आल्डर झाडांच्या दलदलीपलीकडे. तिथे येणारी मूळ धार वरच्या धरणात थांबते, लोखंडाचा गाळ तिथेच खाली बसतो आणि पाणी निवळून पुढे येतं. एरवी अर्ध्या दिवसाची वाट. पण त्या वर्षी ईस्टरला बर्फ पडला होता, ओला आणि जड. फांद्या कडाकड मोडत होत्या. पाण्यावर काचेसारखी साय धरली होती, ती काठीने फोडत पुढे सरकायचं. चपट्या बुडाची होडी दर वळणावर अडायची. दोनदा आम्ही ती ओढत, बीव्हर प्राण्यांनी फांद्यांचे रचलेल्या बांधावरून पलीकडे नेली. तिसऱ्या बांधावर माझा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला. गेर्डने मला कॉलर धरून वर ओढलं.

"उपसायची सवय आहे मला," तो म्हणाला.

वोर्शा खळखळून हसली. तिला असं हसताना मी फार दिवसांनी पाहत होतो. बरं वाटलं मला, आणि थोडं वाईटही.

दिवस मावळता आम्ही एका गवताच्या खोपटात पोचलो. उकडलेले बटाटे, दही, वर जवसाचं तेल, असं जेवलो. वोर्शाने पिशवीतून ईस्टरसाठी रंगवलेलं एक अंडं काढलं. मेणाने काढलेली बारीक नक्षी, निळी आणि पांढरी. ते तिने गेर्डच्या हातात ठेवलं. त्याने ते फोडलं नाही, रुमालात गुंडाळून खिशात घातलं. मी झोपेचं सोंग घेतलं, कारण काही वेळा माझ्यासारख्यालाही गप्प बसावं लागतं.

झुंजूमुंजू होताना आम्ही मोठ्या धारेवर आलो. पाणी काळं दिसत होतं, पण वोर्शाने ओंजळीत घेतलं तेव्हा तिच्या तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसल्या. तळाशी वाळूचे कण हलत होते. गेर्ड टोपी काढून उभा राहिला. वोर्शाने वेर्बनाहून आलेली आईची तपकिरी सुरई वाहत्या दिशेने बुडवली, भरली, लाकडी बूच बसवलं आणि ओठ मिटले. मौन सुरू झालं.

पूर्वी पोरं झुडपांत लपून पाणी आणणाऱ्या मुलींना हसवायची. आता पोरं शहरात गेली. ते काम आपोआप माझ्याकडे आलं, पण मी जीभ चावून बसलो. वोर्शाने सुरई पोटाशी धरली होती, आणि तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मला विनोद सुचेना.

सूर्य वर आला. बर्फ वितळू लागला, तशा फांद्यांवरून ओल्या बर्फाच्या लाद्या कोसळू लागल्या. येताना मोकळा असलेला एक फाटा आता बंद होता. मोठं आल्डर आडवं पडलेलं! वळसा घालायला दुसरी वाट नव्हती. गेर्ड करवत घेऊन खोडावर चढला. मी पुढच्या टोकाला काठी रोवून होडी स्थिर धरली होती. वोर्शा मागे बसली होती, माझ्या पाठीशी.

करवत चालली. फांदी तुटली. आणि अख्खं खोड गरकन फिरलं! गेर्ड गेला. मी मान वर करेपर्यंत खोडावर कुणीच नव्हतं. पाण्यावर बर्फाचे तुकडे हिंदकळत होते, खाली फेसाळ काळोख. मी काठी खुपसली. काहीच नाही. पुन्हा खुपसली. चिखल. उजवीकडे? डावीकडे? मला काही दिसत नव्हतं.

"गेर्ड!"

माझ्या पाठीमागून आवाज आला. एवढा मोठा आवाज माझ्या बहिणीच्या गळ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

"दादा, डावीकडे! खोडाखाली! हात दिसतोय त्याचा. गेर्ड! गेर्ड!"

मी डावीकडे काठी घातली. खाली कुणीतरी ती घट्ट पकडली. मी ओढलं. खांदा फाटतोय असं वाटलं, तरी ओढलं. आधी टोपी नसलेलं डोकं आलं, मग खोकला, मग शिवी. शिवी ऐकली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही त्याला होडीत घेतलं, माझा कोट घातला, घोंगडी गुंडाळली. त्याचे दात वाजत होते. शिवीनंतर पहिला शब्द तो बोलला तो असा:

"सुरई?"

सुरई वोर्शाच्या मांडीत होती. बूच जागेवर. एक थेंब सांडला नव्हता.

"ती बोलली," गेर्ड म्हणाला. "माझ्यापायी. परत जाऊ, पुन्हा भरू."

मी वर बोट दाखवलं. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. आता वर्षभर काही करता येणार नव्हतं.

"आईला कोण सांगणार आहे?" मी म्हणालो. "बीव्हर? तिला तेवढंच समाधान. पाणी तर तेच आहे."

गंमत बघा, मौन मोडल्यावर वोर्शा खरी गप्प झाली. खोड फिरून बाजूला वाट झाली होती; उरलेल्या फांद्या तोडून मी होडी पलीकडे काढली. तिने सुरई गेर्डच्या हातात दिली, दुसरी काठी स्वतः उचलली आणि घरापर्यंत होडी रेटली. तांबडं पाणी सुरू झालं तेव्हा ती रडत होती, हे मी पाहिलं.

आई स्वयंपाकघरात खिडकीशी बसली होती. स्वच्छ रुमाल बांधलेला, बाह्या दुमडलेल्या, चेहरा वर केलेला. डोळे धुवायची तयारी. वोर्शाने सुरई तिच्यापुढे ठेवली. मी मनात म्हटलं, गप्प राहा गं बाई.

"आई, मी वाटेत बोलले," वोर्शा म्हणाली.

आईचे हात मांडीवर पडले. फार वाईट वाटलं मला त्या हातांकडे बघून.

"काय बोललीस?"

"एक माणूस बुडत होता. त्याचं नाव घेतलं."

"कितीदा?"

"तीनदा."

आईने बूच काढलं. पाण्याचा वास घेतला, मग बोट बुडवून जिभेला लावलं. "लोखंड नाही," ती पुटपुटली. "आमच्या वेर्बनाला असंच होतं." बराच वेळ ती सुरईच्या कानावरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने दाराकडे मान वळवली.

"मातो, बाहेर कुणाच्या बुटात पाणी खळखळतंय?"

उंबरठ्याबाहेर गेर्ड ओल्या बुटांत उभा होता.

"वीस वर्षं त्याचं नाव काढायची तुझी छाती झाली नाही या घरात," आई वोर्शाला म्हणाली, "आणि अख्ख्या नदीला ऐकवून आलीस. मूर्ख पोरी. माझं गाव जाताना मीसुद्धा एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते."

वोर्शा हुंदका दाबत उभी होती. आईने चाचपडत तिचा हात धरला आणि सुरई त्यात दिली.

"बडबडं पाणी डोळ्यांना चालत नाही. कॉफीला चालतं. उकळ चांगलं."

"तीन कप?" वोर्शाने विचारलं.

"चार," आई म्हणाली. "आणि त्याला सांग, बूट बाहेर काढून ये. फरशी कालच पुसलीय."