तीन पैलू

"आठ दिन व्हयनात. येवढाम्हा तं मानूस नवी गाडी करी ले."

सुनंदाबाईंनी हे कुणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. पडवीतल्या खाटेवर बसून त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. दिसत नव्हतं म्हणून नुसत्या बोटांनी. आणि बोटं चालू असली की तोंडही चालू ठेवायचं, ही त्यांची जुनी सवय. पण खाटेपासून जुन्या मॉरिस गाडीचं बॉनेट दोन हातांवर, आणि बॉनेटखाली त्यांच्या मुलाचं, लोटनचं डोकं. ऐकू आलं नाही असं सोंगही त्याला घेता येईना.

"परवापर्यंत होईल, माय."

"हां. तुनं परवा." मग खाटेच्या रिकाम्या बाजूकडे तोंड करून, जरा हळू, "आयकं ना?"

रिकाम्या बाजूशी त्यांचं बोलणं घरात कुणाला नवं नव्हतं. त्यांचे यजमान नाना यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी खाटेची उजवी बाजू त्यांचीच होती. त्या बाजूवर कुणी धुतलेला टॉवेलसुद्धा टाकत नसे.

हे शिंदखेड्यातलं, एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीतलं. सुनंदाबाईंचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता, की धुळ्याच्या डॉक्टरांनी गुरुवारची तारीख देऊन बजावलं होतं, ही चुकवू नका, मग माझ्या हातात काही राहणार नाही. सुनंदाबाई कबूल झाल्या. फक्त म्हणाल्या, जाईन तर नानांच्या गाडीत. एरवी लग्नकार्याला याच बाई एसटीची खिडकी धरून थेट नंदुरबारपर्यंत जात. लोटनची बायको बेबाबाई म्हणालीसुद्धा, "भाड्याची जीप करा ना सरळ. ही गाडी काय बैल जोडून न्यायची?" लोटन गाडीकडे वळला. गाडीच का, हे आईला विचारायला हवं होतं, आणि नेमकं तेच त्याला विचारता येत नव्हतं.

लोटन पोस्टात कारकून. मुंबईहून नवे सुटे भाग मागवणं त्याच्या पगारात बसणारं नव्हतं, म्हणून जे हाताशी होतं त्यावर त्याचं काम चाललं होतं. प्लग रॉकेलात भिजवून काचकागदाने घासले. ठिणगीच्या पॉइंटमधली फट मोजायला पोस्टकार्डाचा तुकडा घातला. बरोबर तेवढीच फट लागते. गॅस्केट जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यातून कापलं. आणि कार्ब्युरेटरमध्ये हवा कशी जाते ते ऐकायला नानांचा स्टेथोस्कोप घेतला.

नाना, म्हणजे डॉक्टर तोताराम, याच गाडीतून तीस वर्षं आसपासची खेडी फिरले. गाडीला ते पेशंटसारखं वागवत. कार्ब्युरेटरच्या खाली सहा पैलूंचा एक पितळी नट असतो. वर पिळला की पेट्रोल कमी, खाली सोडला की जास्त. नेमकी जागा सापडली, तेव्हा नानांनी समोर आलेल्या पैलूवर ऑपरेशनच्या सुरीने एक बारीक रेघ मारून ठेवली होती. "रेघ समोर दिखनी म्हनजे ईनी तब्येत बरी शे," ते म्हणत.

नऊ वर्षांनी गाडीवरची ताडपत्री काढली त्या दिवशी रेघ समोर होती. चौथ्या दिवशी इंजिन सुरू झालं, पाचव्या दिवशी संथ चालायला लागलं. सहाव्या दिवशी सकाळी, पेट्रोल कमी पडावं तसा, आवाज पातळ झाला. लोटनने वाकून पाहिलं. रेघ दिसत नव्हती.

नटाखाली दणकट स्प्रिंग असते. पाना लावल्याशिवाय तो हलत नाही. त्याने बेबाबाईला विचारलं.

"मी? त्या गाडीला हात लावायला मला माझ्या हातांचा कंटाळा आलाय का?"

त्याने रेघ मागे चाचपली. किती पैलू, ते मोजावं लागलं नाही. तीन.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याने आपल्या हाताने तेवढेच पिळले होते. नाना दम्याने घरी बसलेले, गाडी लोटनच्या ताब्यात, आणि कुठल्याशा मासिकात त्याने वाचलं होतं, की नट वर घेतला तर तेवढ्याच पेट्रोलात गाडी जास्त पळते. पळाली. पोस्टात त्याने ती फुशारकी चार दिवस चहाबरोबर पुरवून पुरवून खाल्ली. मग मे महिन्यातल्या एका दुपारी नानांना मोठा दम लागला. धुळ्याला न्यायला त्यांना मागच्या सीटवर बसवलं, गाडी सुरू केली, आणि तेवढ्या धापेतही ते म्हणाले, "आवाज पातळ येस, लोटन."

"नाही नाना," लोटन म्हणाला होता. "तुम्हाला वाटतंय."

सोनगीरच्या चढावर गाडी बंद पडली. शेजारून ट्रक जात होते. लोटनने एकालाही हात केला नाही. आत्ता होईल, आत्ता सुरू होईल, म्हणत तो हँडल मारत राहिला. शेवटी एक ट्रकवाला आपणहून थांबला, पण तोवर घाई उरली नव्हती. त्याच्या निरोपावर धुळ्याहून हबीब मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, पाना लावला, आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. काय झालं होतं, असं कुणीतरी विचारलं. हबीबने लोटनकडे पाहिलं नाही. "पेट्रोलमध्ये कचरा आला होता," तो म्हणाला.

नऊ वर्षं सगळे तेच म्हणत आले. लोटनही. वर्षश्राद्धाला जमलेल्या नातेवाइकांना पेट्रोलपंपावरची भेसळ त्याने इतक्या तपशिलात सांगितली होती, की सांगून झाल्यावर त्याला स्वतःच्या पानावरचा घास गिळवला नव्हता.

मंगळवारी त्याने हबीबला बोलावून घेतलं. हबीब आता साठीला आला होता. बसमधून उतरून, गुडघे चोळत तो पडवीत आला.

"सलाम, माय. ओळखलं का?"

"डोया गयात, कान नही गयात. बस."

हबीबने इंजिन सुरू करायला सांगितलं. स्टेथोस्कोप कानाला लावून नळी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरली. बराच वेळ ऐकलं. मग हातानेच खूण केली, बंद कर. लोटनने बंद केलं. हबीब तसाच वाकून राहिला, नळी कानात ठेवून, बंद इंजिनाशी.

"काय?" लोटनने विचारलं.

"रबर जुनं झालंय." त्याने स्टेथोस्कोप काढून लोटनच्या हातात दिला आणि हातपंपावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. ते काळे झालेच नव्हते.

"नट तेवढा बघून जा, हबीबभाई. आपोआप फिरतोय."

"नट मी नाही हलवणार, लोटनभाऊ." तो रुमालाने एकेक बोट पुसत होता. "एकदा हलवलाय."

चहा न घेताच तो स्टँडकडे गेला. सुनंदाबाईंनी त्याला थांब म्हटलं नाही.

लोटनने स्टेथोस्कोप लावला. इंजिन बंदच होतं. आत कुणीतरी श्वास घेत होतं. आखूड, ओढून घेतलेला, शेवटी बारीक शीळ. मग लांबलचक सुटणारा. ती शीळ लोटन भिंतीपलीकडून ऐकतच लहानाचा मोठा झाला होता.

त्याने स्टेथोस्कोप काढला. मग स्वतःला समजावलं, की इंजिन गरम असलं की धातू आवाज करतो. माणूस शहाणा असला की त्याला अशी कारणं पटकन सापडतात.

तरी संध्याकाळी येताना त्याने पोस्टातून लाखेची कांडी आणि पितळी शिक्का आणला. नट तीन पैलू खाली सोडला, रेघ समोर आणली, आणि अर्धी नटावर, अर्धी कार्ब्युरेटरच्या अंगावर अशी लाख ओतून वर तारखेचा शिक्का मारला.

"आता गाडी रजिस्टर करून पाठवणार का?" बेबाबाई म्हणाली.

बुधवारी सकाळी लाख अखंड होती. शिक्क्यातली तारीख सरळ वाचता येत होती. रेघ मागे गेली होती.

लोटनने नखाने लाखेची कड चाचपली. लाख फुटल्याशिवाय नट फिरू शकत नाही. पार्सल फोडलं गेलं की नाही हे लाखेवरून सांगणं, हीच तर त्याची अठरा वर्षांची नोकरी होती. त्याने लाख फोडली, नट पुन्हा सोडला, पुन्हा लाख ओतली. या वेळी शिक्का जरा तिरका बसला.

गुरुवारी सकाळी रेघ समोर होती. इंजिन इतकं गोड चाललं, की बेबाबाईही दारात येऊन उभी राहिली.

"बठ्ठं लिधं का?" सुनंदाबाईंनी सगळं सामान घेतल्याची खात्री करून घेतली. त्या मागच्या सीटवर डाव्या दाराला अगदी चिकटून बसल्या. कपड्यांची पिशवी मांडीवर घेतली.

"पिशवी सीटवर ठेव ना, माय. अवघडशील."

"जागा नही शे," त्या म्हणाल्या.

लोटनने आरसा थोडा वर फिरवला, मागची सीट दिसणार नाही इतपत.

नरडाण्यापाशी थांबून त्याने बॉनेट उघडलं. रेघ समोर होती. पुढे हायवेला लागल्यावरही इंजिन संथ होतं, आणि त्याच्या मनात आलं, की दुपारपर्यंत पोचलो, डोळ्याचं झालं, की ही गाडी विकून टाकू. ते मनात आलं म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली.

सोनगीरचा चढ लागला. आवाज पातळ झाला.

त्याने गिअर खाली घेतला. गाडी दोनदा ठसकली आणि थांबली. कुठे थांबली, ते बघायला त्याला मान वळवावी लागली नाही.

बॉनेट उघडलं. तिरका शिक्का तसाच होता, लाखेला ओरखडाही नव्हता. रेघ मागे होती.

त्याने पाना लावला. नट हलला नाही. पान्याने लाखेवर ठोकलं. लाख फुटली नाही. शेजारून ट्रक जात होते. या वेळी त्याने हात केला, दोन्ही हात केले. एकही थांबला नाही.

नरडाण्याला ऐकायला घेतलेला स्टेथोस्कोप गळ्यात नुसता लोंबत होता. तरी ऐकू येत होतं. आखूड श्वास, शेवटी शीळ.

ते इंजिनातून येत नव्हतं. गाडीच्या मागच्या सीटवरून येत होतं.

"लोटन," सुनंदाबाईंनी आतून हाक मारली.

"हो, माय."

"नाना ईचारी राह्यनात. कितला पैलू?"

पैलू हा शब्द त्याने आईच्या तोंडून आजवर कधी ऐकला नव्हता.

"कचरा आलाय, माय," तो म्हणाला. नऊ वर्षांच्या सवयीने शब्द आपोआप आले. "पेट्रोलमध्ये..."

आतला श्वास थांबला.

लोटन वाट बघत राहिला. एक ट्रक गेला, दुसरा गेला. श्वास परत सुरू होईना. त्या दुपारीही तो असाच थांबला होता, आणि लोटन हँडल मारत होता.

तो मागच्या दाराशी आला. आई काचेपलीकडे सरळ समोर बघत बसली होती. उजवीकडची सीट मधोमध खोल दबलेली होती.

"तीन," लोटन म्हणाला. "तीन पैलू, नाना. मीच पिळले होते. कचरा नव्हता. ट्रकही मीच थांबवले नाहीत."

बॉनेटखाली बारीक टक् झालं, लाखेला तडा जातो तसं.

सुनंदाबाईंनी तोंड उजवीकडे वळवलं.

"आयकं ना?" त्या हळू म्हणाल्या. "मी म्हनं व्हतं ना, सांगी तो."

मग हाताने चाचपत त्यांनी मांडीवरची पिशवी उचलली आणि शेजारच्या सीटवर ठेवली.