लाल पेन्सिल

नेमसिंग गुरुजींनी लेकीच्या एकाही पत्राला कधी उत्तर दिलं नाही. निता हिंगोलीच्या वसतिगृहातून पत्र धाडायची आणि तेच पत्र लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत यायचं. गुरुजी आधी फौजेत होते, मग तांड्याच्या शाळेत मास्तर झाले. शुद्धलेखनाच्या चुका ते खुशाल सोडून देत. खोटं मात्र सोडत नसत. खऱ्या वाक्यापुढे बरोबरची खूण, खोट्याखाली रेघ. 'मी पोटभर जेवते' या वाक्याखाली रेघ आली, आणि दोन दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर भाकऱ्यांचं गाठोडं आलं. असला तो बाप.

२००४च्या फेब्रुवारीत त्यांना जाऊन वर्ष झालं. संध्याकाळी शाळेत कार्यक्रम होता. लेकीनं चार ओळी वाचाव्यात, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. डोंगरकड्याच्या शिवारात हळद शिजत होती आणि त्या वासानं घर सकाळपासून गुंगल्यासारखं झालं होतं. गेल्या आठवड्यात बाळापूरच्या बाजारात घेतलेली डाळिंबी साडी निता आज पहिल्यांदाच नेसली होती.

तिनं लिहिलं, 'बापू एकाहत्तरच्या लढाईत बंदूक घेऊन लढले.' कागद खाटेवर ठेवून ती चहाला गेली. परत आली तर ओळीखाली लाल रेघ.

कुणीतरी खोडी काढली असणार. तरी तिनं शेजारच्या जळबाकाकांना विचारलंच.

"बंदूक कुठली, बाई? गुरुजी लढाईत पाण्याचा ट्रक चालवत व्हते," काका म्हणाले.

तिनं दुसरा कागद घेतला. 'त्यांनी कुण्या लेकरावर हात उगारला नाही.' या वेळी कागद बापूंच्या लोखंडी पेटीत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली. दुपारी पेटी उघडली तर रेघ होतीच. पिळलेला कान आठवून तिला हसू फुटलं. मग तिनं पेटीतल्या वर्दीवर पडलेली बोटभर पेन्सिल पाहिली. टोक नुकतंच तासलेलं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती माया. वर्षभर तिच्या चुका काढायला कुणी नव्हतं.

आणि चूक तर मोठी होती. बापू गेले त्या दिवशी सकाळी दहालाच त्यांची तब्येत बिघडल्याचा निरोप तिच्या ऑफिसात आला होता. "दुपारच्या गाडीनं निघते," असं सांगून ती फायली उरकत बसली. बापू चारला गेले, ती सहाला पोचली. पाणी मागत होते, एवढं तिच्या कानावर आलं. तेव्हापासून याडी, म्हणजे आई नानीबाई, तिला जेवू घाली, पण मनातलं बोलत नसे. बापूंनी तरी रागवावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून तिनं मुद्दाम लिहिलं, 'बापू माझ्या हातचं पाणी पिऊन गेले.' पेटीला कुलूप लावलं.

अर्ध्या तासानं तिनं झाकण उचललं.

रेघ नव्हती. वाक्यापुढे बरोबरची खूण होती.

कागद घेऊन ती अंगणात आली. याडी चुलीपाशी बसली होती. नितानं ओळ वाचून दाखवली.

"हे खोटं आहे ना, याडी?"

"खोटं काहून? चारला आलीस, पाणी पाजलंस. एका शब्दानं बोलली न्हाईस अन् निघून गेलीस. सहाला परत आलीस ती रडतच." याडीनं जाळ सारखा केला. "मदल्या टायमात कुठं गेल्तीस, ते म्या आजवर इचारलं न्हाई."

"मी नव्हते गं."

"हीच साडी व्हती अंगावर."

नितानं अंगावरच्या कोऱ्या पदराकडे पाहिलं. ओसरीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते.

आतल्या खोलीतून कुणीतरी दोनदा खाकरलं. पाणी मागण्याआधी बापू खाकरायचे तसं.

निता उठली. माठावरचा पितळी पेला तिनं उचलला.

"गार नको देऊ," मान वर न करता याडी म्हणाली. "खोकला हाय त्यांला."