सातवा रेणू

हेमांगी ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. पिवळं पान दिसलं की खुडून टाकत होती. चार महिन्यांपूर्वी तिला पान आणि देठ चाचपून ओळखावे लागायचे. दृष्टिपटलातल्या पेशी भराभर मरत होत्या. थोरल्या बहिणीने, उत्तराने, प्रयोगशाळेत तयार केलेल्या गोळीने ते थांबवलं होतं, मरणाच्या वाटेवरच्या पेशीही सावरल्या होत्या.

आज मात्र उत्तरा दारातच घुटमळली. हेमांगीने गोड बातमी कालच सांगितली होती. ती ऐकताच उत्तराने तिला आज सकाळीच सोनोग्राफी करायला लावली. डॉक्टरांनी फोन तिलाच केला होता.

"ताई, चहा टाकू?"

"नको. आधी बस."

उत्तरा खालच्या आवाजात सांगू लागली. "पेशीला मरायचं असतं तेव्हा एकाच प्रथिनाचे सात रेणू जुळून तिच्यात एक चक्र तयार होतं. हेप्टामर म्हणतात त्याला. माझी गोळी सातवा रेणू जुळू देत नाही. सहांचं चक्र अपुरं राहतं, पेशी जगते."

"म्हणून तर मला दिसतंय."

"हो. पण पोटातल्या बाळाचा पंजा आधी अखंड असतो, हेमा. मधल्या पेशी मेल्या तरच बोटं सुटी होतात."

हेमांगीचा हात थांबला. "बाळाची बोटं जुळलेलीच आहेत?"

"सगळी."

"तुला आधीच सांगायला हवं होतं. पण आई म्हणाली, तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगू नकोस. मागे दोनदा सांगून बसले होते ना…"

उत्तराला स्वतःचाच संताप आला. गोळी घेणाऱ्या इतर बायकांना ती दर महिन्याला न चुकता विचारायची, दिवस तर गेले नाहीत ना. दोन गर्भपात सोसलेल्या बहिणीला विचारायला जीभ रेटली नव्हती. तिला वाईट वाटेल म्हणून ती गप्प राहिली होती.

"ऑपरेशनने सुटतील?"

"बोटं सुटतील. पण मेंदूतल्याही जास्तीच्या पेशी मरायला हव्यात. त्याला अजून वेळ आहे. गोळी आजच थांबवली तर…"

"तर माझे डोळे जातील."

उत्तराने मान डोलावली. तिला रडू आवरलं नाही.

हेमांगीने फळीवरची गोळ्यांची डबी काढून तिच्या हातात दिली.

"ताई," हेमांगीने हळूच विचारलं, "बाळ होईपर्यंत तरी दिसेल का गं मला?"