डाव्या हाताची तीन बोटं

“फ्रान्सची सीमा नकाशावर नसते. आपली गोळी जिथे जाऊन पडेल तिथे फ्रान्सची सीमा,” असं जनरल द ग्रांप्रे यांनी व्हिलमार्तें गावच्या बंदूक कारखान्याच्या मैदानावर जाहीर केलं आणि कॉर्पोरल झेर्वेला बार काढायची खूण केली.

नव्या बंदुकीची दारू धूर करत नाही. त्यामुळे पुढे जे झालं ते सगळ्यांना स्वच्छ दिसलं. कॉर्पोरल गुडघ्यांवर बसला होता, त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गवतात पडली होती, आणि फ्रान्सची सीमा तूर्तास फराळाच्या टेबलाखाली आली होती, कारण जनरलसाहेब तिथे होते. जर्मन कुठवर पोचलेत, याची चौकशी त्यांनी तिथूनच केली.

दिवस मावळायच्या आत कारखान्यात नळ्या सरळ करणाऱ्या आंतेल्म फाव्हारला बेड्या पडल्या. फुटलेल्या बंदुकीच्या नळीवर त्याचा शिक्का होता. शिवाय गेल्या वर्षीच्या संपात तो सगळ्यांच्या पुढे चालला होता, आणि पुढे चालणाऱ्याचं तोंड वरिष्ठांच्या लक्षात राहतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको ब्लांदीन सिदोनी वेसिएर हिच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. सिदोनीबाई विधवा होत्या आणि खाजगी तपास करून पोट भरत. लग्नाच्या आदल्या दिवशी पळालेले नवरदेव शोधून आणणं हा मुख्य धंदा. आणलेल्यांपैकी निम्मे पुन्हा पळत, पण तो काही तपासाचा दोष नव्हे. मदतीला धाकटा दीर होता, ओगुस्त. सत्तर साली जर्मनांशी झालेल्या लढाईत तो बिगुल वाजवायचा. बुद्धी जरा सावकाश चाले, पण चालायची थांबत नसे.

ब्लांदीनला सातवा महिना होता. ती रडत नव्हती. रडायला जी उसंत लागते तीही तिच्याजवळ उरली नव्हती. उद्या दुपारी बाराला गाडी आंतेल्मला घेऊन ल्योंला निघणार होती. तिथे लष्करी न्यायालय, गुन्हा घातपाताचा, शिक्षा गयानाची काळ्या पाण्याची जन्मठेप. गयानाहून परत येतात ती फक्त पत्रं, आणि शेवटचं पत्र दुसऱ्याच्या अक्षरात असतं, हे व्हिलमार्तेंमध्ये सगळ्यांना माहीत होतं. वकिलाने तिला आधीच सांगून टाकलं होतं की मुलाला आडनाव आईचं लावा.

“बाई, नवरा म्हणून तो कसाही असो,” ती म्हणाली, “पण त्याच्या हातून वाईट नळी जायची नाही. मागच्या आठवड्यात पाळणा केला, तर त्याचा दांडा चार वेळा काढून खिडकीपाशी धरून पाहिला. सरळ आहे की नाही म्हणून. पाळण्याचा हो.”

सिदोनीबाईंनी एकच गोष्ट विचारली.

“कॉर्पोरलचं तोंड कसं आहे?”

“तोंडाला काय धाड भरलीय. मिशीसुद्धा शाबूत आहे.”

सिदोनीबाईंनी टोपी घातली.

इस्पितळाच्या वाटेवर ओगुस्तने बंदुकांचं पुराण लावलं. त्यांच्या वेळची शास्पो बंदूक म्हणजे बंदूक. काडतूस कागदाचं, मागून सुई टोचायची की बार उडायचा. मागची फट बुजवायला रबराची चकती. चकती जळली की ठिणग्या थेट गालावर. पुरावा म्हणून त्याने आपला उजवा गाल पुढे केला. त्यावरचे काळे ठिपके सगळ्या गावाला पाठ होते. मग आली ग्रा. पितळी काडतूस, पण एका वेळी एकच. आणि आता ही लेबेल. नळीखालच्या लाकडात एक लांब पोकळी, तीत आठ काडतुसं एकामागे एक. शाळेतल्या पोरांच्या रांगेसारखी, एकाचं टोक पुढच्याच्या पाठीला टेकलेलं.

“शिपायाला एवढ्या गोळ्या कशाला हव्यात, वहिनी? आमचं एकीवर भागायचं.”

“भावजी, तुम्ही ती लढाई हरलात,” सिदोनीबाई म्हणाल्या.

कॉर्पोरल झेर्वे उजव्या हाताने सूप पीत होता. तो म्हणाला, कारखान्याचे निरीक्षक बॉनामी यांनी काडतुसांचं पुडकं स्वतःच्या हाताने दिलं. एरवी पुडक्याला दोरी बांधलेली असते, त्या दिवशी सुटलेली होती. त्याला वाटलं, साहेब लोकांच्या समोर दोरीशी झटापट नको म्हणून सोय केली असेल. डोळे जनरलसाहेबांवर ठेवून तो काडतुसं भरत गेला, हाताकडे पाहिलंच नाही. मग बार काढला. खांद्याला नेहमीसारखा दणका बसला, आणि त्याच श्वासात दुसरा आवाज, खालून. मग हात.

डॉक्टरांनी तळहातातून काढलेला एक तुकडा त्याने काडेपेटीत जपून ठेवला होता. घड्याळाच्या साखळीला लावायचा विचार होता. तो काडतुसाचा पितळी तळ होता, मधोमध ठिणगी पाडणारी टोपी, आणि टोपीत एक खळगा.

“घोडा ओढला की मागून टाचणी लागते, तिची खूण,” ओगुस्त म्हणाला.

“तळहातात टाचणी कुठून येईल?” सिदोनीबाईंनी विचारलं. ओगुस्तचा विचार सावकाश निघाला.

तिथून ती दोघं पेलिस्येकडे गेली. बंदुकीचं लाकूडकाम करणारा पेलिस्ये आणि आंतेल्म यांच्यात चार वर्षं बोलणं नव्हतं. पेलिस्येच्या अक्रोडाच्या लाकडाला आंतेल्म एकदा सरपण म्हणाला होता. त्यामुळे संशय घ्यायला माणूस उत्तम होता, आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. आंतेल्म गेला तर चर्चमध्ये मेणबत्ती लावीन, असं तो सांगून मोकळा झाला. पण खोटं मात्र बोलणार नाही. लाकूड आतून बाहेर फुटलं होतं, ढलप्या चहूकडे उडाल्या होत्या. नेमबाजीची फळी ड्रॉवर करायला त्याने उचलून आणली होती. तिला एकच भोक होतं, आणि त्याच्या दुर्दैवाने बरोबर मध्ये.

जनरलसाहेबांबद्दलही त्याला तक्रार होती. आदल्या दिवशी साहेबांनी सगळा कारखाना पाहिला आणि प्रत्येक वस्तूला नाव ठेवलं. सूप अळणी आहे, लाकडाला चकाकी नाही, गोळी बोथट दिसते, फ्रेंच गोळीला कसं टोक हवं.

“दुसऱ्या दिवशी सूप खारट,” पेलिस्ये म्हणाला. “आणि माझ्या लाकडाला कुणीतरी मेण फासलं. मला न विचारता.”

निरीक्षक बॉनामी यांचं कार्यालय इतकं स्वच्छ होतं की आत श्वास घ्यायला परवानगी काढावीशी वाटे. बंदूक टेबलावर फ्रान्सच्या निशाणाखाली झाकली होती. नळी फुटली, प्रकरण संपलं, असं बॉनामींनी सांगितलं. सिदोनीबाईंनी निशाण बाजूला केलं आणि नळी उचलून खिडकीच्या चौकटीकडे धरली. व्हिलमार्तेंच्या पोरांनाही नळी वाचता येते. चौकटीची सावली नळीत दोन बारीक रेघांसारखी पडते. नळी वाकली की रेघ मोडते. रेघा शेवटपर्यंत सरळ गेल्या होत्या. पोचा होता तो खालच्या अंगाला, बाहेरून बसलेला.

इतक्यात टिपणं घेणाऱ्या ओगुस्तची पेन्सिल मोडली. त्याने टेबलावरच्या तबकातली बारीक कानस उचलून पेन्सिल घासायला घेतली. कानस नुसती घसरत राहिली. तिचे दाते कसल्याशा मऊ करड्या भुकटीने बुजले होते. बॉनामींनी ती काढून घेतली. सरकारी कानशी पेन्सिलीसाठी नसतात, ते म्हणाले. मग त्यांनी ती तबकात उपडी ठेवली, आणि ओगुस्तने त्याचं श्रेय शिस्तीला दिलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला कारखान्याच्या संचालकांच्या, म्हणजे कर्नलच्या, दालनात सगळे जमले. जनरलसाहेब, बॉनामी, पेलिस्ये, हात गळ्यात बांधलेला कॉर्पोरल. दाराशी दोन शिपायांमध्ये आंतेल्म, हात पाठीमागे बेडीत. अंगणात घोडे जुंपलेली गाडी उभी होती. ब्लांदीन खिडकीपाशी उभी राहून त्या घोड्यांकडे पाहत होती. घोडा लंगडा निघावा एवढीच एक आशा माणसाला राहते, तसं तिचं झालं होतं.

“बंदुकीची नळी फुटली तर इजा कुठे होते?” सिदोनीबाईंनी सुरुवात केली. “बार मागच्या टोकाला उडतो. गाल, डोळा, उजवा हात. माझ्या दिरांचा गाल त्याला साक्ष आहे.”

ओगुस्तने गाल फिरवून सगळ्यांना दाखवला.

“कॉर्पोरलची मिशी शाबूत आहे. गेला तो डावा हात, म्हणजे ज्याने नळीखालचं लाकूड धरलं होतं तो. पहिली गोळी फळीच्या मधोमध लागली, म्हणजे नळीने आपलं काम केलं. मग त्याच श्वासात दुसरा आवाज झाला. खालून.”

त्यांनी काडेपेटी उघडली.

“हा दुसऱ्या काडतुसाचा तळ. टाचणी नळीच्या मागे असते; हे काडतूस लाकडातल्या रांगेत होतं. तरी त्याच्या टोपीत खळगा आहे. रांगेत त्याच्या पाठीला टेकलेलं काय होतं? मागच्या गोळीचं टोक. बंदुकीचा दणका बसला आणि ते टोक टाचणीसारखं टोपीत शिरलं.”

कर्नल म्हणाले, ते शक्यच नाही, म्हणून तर गोळी बोथट ठेवलेली आहे, तसा लेखी नियम आहे.

“नियम पुस्तकात असतो, कर्नलसाहेब. जनरल समोर असतात. ते म्हणाले सूप अळणी, दुसऱ्या दिवशी सूप खारट झालं. म्हणाले चकाकी नाही, लाकडाला मेण लागलं. म्हणाले गोळी बोथट. मग रात्रीत आठ गोळ्यांना टोक कुणी काढलं? ज्याच्याकडून पुडकं सुटं आलं त्याने. इथे दिवसभर पोलाद घासतात, पोलादाने कानस बुजत नाही. शिशाने बुजते. काडतुसं बाहेरून भरून येतात, इथे शिशाचं कामच नाही. आणि तरी निरीक्षकांच्या तबकातली कानस शिशाने बुजलेली आहे.”

सगळे बॉनामींकडे वळले. ते शांत होते. अशा कानशी कारखान्यात चारशे आहेत, ते म्हणाले, आणि या बाईचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे. कर्नलनी घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी होते. खाली गाडीवानाने लगाम हातात घेतला. ब्लांदीनने खिडकीची चौकट घट्ट धरली.

तेव्हा जनरलसाहेब बोलले.

“गोळीला टोक हवं? असलं मूर्खासारखं वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही.”

बॉनामींचा चेहरा पडला. पकडलं जाण्याचं दुःख त्यांनी सोसलं असतं. हे सोसलं नाही. त्यांनी खिशातून लाल कातडी वही काढली, आत जनरलसाहेबांची वचनं तारीखवार उतरवलेली होती.

“म्हणालात, साहेब,” ते कळवळून म्हणाले. “चार वाजून वीस मिनिटांनी म्हणालात. माझ्या सहीनिशी आहे. मी पहाटेपर्यंत घासत बसलो. साहेबांना आवडावं म्हणून. आणि फुटल्यावर... तो तसाही संपातला होता.”

जनरलसाहेबांनी वही वाचली आणि मिटली. बॉनामींना शिपायांनी बाजूला घेतलं. मग जनरलसाहेबांनी आपली पदकं सारखी केली आणि फ्रान्सचा न्याय कधी कधी उशिरा पोचतो पण गोळीसारखा सरळ पोचतो, या विषयावर सात मिनिटं भाषण केलं. पेलिस्येने तोंड फिरवून डोळे पुसले आणि लाकडाचा भुसा गेला म्हणाला. कर्नलनी बेडी काढण्याचा हुकूम दिला. किल्ली हवालदाराकडे होती आणि हवालदार बाराचा ठोका पडताच जेवायला गेला होता. फ्रान्समधलं कुठलंही सैन्य त्याला दोनपर्यंत परत आणू शकलं नसतं.

ब्लांदीन धावत जाऊन आंतेल्मच्या गळ्यात पडली. कर्नल म्हणाले की निर्दोष माणसाने आता मन मोकळं करावं, राष्ट्र ऐकत आहे. ओगुस्तने टिपणवही उघडली.

“ब्लांदीन,” आंतेल्म म्हणाला, “रडणं मागून. आधी जरा माझं नाक खाजव. डावीकडे.”