दुसरी फेरी

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात पदरचं काहीही घातलेलं नाही. ही गोष्ट माझ्या आत्याची आहे, आणि ती भाजीवाल्याचा रिकामा तराजूसुद्धा आधी निरखून बघते, मग कांदे घेते. असली बाई उगाच काही सांगत नाही.

यात काळोख नाही, ओसाड बंगला नाही.

भर दुपार होती. लख्ख ऊन होतं.

आत्या तेव्हा सरकारी विमान कंपनीत होती. कंपनी म्हणजे काय, दोन पंख्यांची जुनी विमानं आणि विमानांपेक्षा जास्त साहेब. निवडणूक आली की नवा मार्ग सुरू व्हायचा, निवडणूक झाली की तोट्यात जायचा. डोंगरातलं आत्याचं स्टेशन सगळ्यात टोकाचं. एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली. तिथला साहेब तिचा सख्खा मोठा भाऊ. तिचा दादा, म्हणजे माझे बाबा. तिकीट खिडकीवर तिला त्यांनीच चिकटवलं होतं. दादाचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

विमान एवढंसं. म्हणून सामानाबरोबर माणसांचंही वजन व्हायचं. खोलीत मोठ्या गोल तबकडीचा वजनकाटा होता, आणि त्यावर लोकांना उभं करायचे किलोकाका. सामान चढवणं, सामान उतरवणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करणं, ही त्यांची नोकरी.

"वहिनी, पिशवी हलकीच आहे हो. बाकीचं तुमचं तुम्ही बघा!"

रोज सकाळी ते आधी स्वतः काट्यावर उभे राहायचे. त्यांच्या वजनाला तबकडीवर लाल खूण केलेली होती.

"काटा बरोबर आहे का गं?"

"बरोबर, काका."

मग दिवस सुरू.

त्या वर्षी काटा खुणेच्या अलीकडेच थांबायला लागला. काका म्हणायचे, काटा बिघडला. बिघडलं होतं त्यांचं हृदय. डॉक्टरांनी बजावलं, शहरातल्या इस्पितळात लगेच हलवा. पण दरड कोसळून रस्ता बंद. त्यातच कंपनीने स्टेशन गुंडाळायचं ठरवलं. शेवटचं विमान येणार होतं, आणि त्यात काकांची जागा पक्की होती.

दादाने ती ऐनवेळी काढली.

"वजन बसत नाही गं." मागच्या दाराने ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी उंच, जड असं विमानात चढत होतं. "रेडिओचं सामान आहे. सरकारी. ते मागे ठेवून कसं चालेल? विमान लगेच परत फिरतंय. दुसऱ्या फेरीत तू आणि काका. तूच सांग त्यांना. माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील."

तिने सांगितलं.

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "कोण म्हणतं? तुझा दादा?"

"मी म्हणते, काका."

"मग येईल." ते भिंत धरत काट्यापाशी गेले. "माझं वजन तेवढं करून ठेव. मागाहून गडबड नको."

काटा लाल खुणेच्या कितीतरी अलीकडे थांबला. आत्याने पर्समधलं नेलपॉलिश काढून तिथे ठिपका दिला.

"बघ," काका हसले, "आता अर्ध्या तिकिटात बसतो मी."

दादाला घेऊन विमान उडालं. घरघर डोंगराआड गेली.

मग काहीच नाही…

काका खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर घेऊन. आत्या सारखी बाहेर जाऊन आकाश बघून यायची.

"आलं?"

"येतंय, काका."

ऊन दारातून आत सरकलं. खुर्चीपर्यंत आलं.

आणि खोलीतल्या फळ्यांच्या आडभिंतीमागून आवाज आला…

खर्रर्र…

रेडिओ.

पण रेडिओचं सामान तर विमानात गेलं होतं ना?

ती आत गेली. रेडिओ जिथल्या तिथे. हिरवा दिवा लागलेला. तिने बटण दाबलं आणि विचारलं, दुसरी फेरी कधी निघतेय?

पलीकडून शहरातल्या विमानतळावरचा माणूस बोलला.

"कुठली दुसरी फेरी, ताई? विमान धुऊन उभंसुद्धा केलं. तुमचे साहेबच म्हणाले, मागे कोणी नाही."

मागे कोणी नाही.

तेवढ्यात बाहेरून काकांनी विचारलं…

"आलं?"

"येतंय, काका," ती सवयीने बोलून गेली. मग डोळे पुसून बाहेर आली आणि तिने त्यांचा हात धरला.

हात गार होता.

आत्ताचा गार नाही. बऱ्याच वेळाचा.

आणि तिच्या पाठीमागे…

खट्.

ती वळली. काट्याच्या फळीवर कोणी नव्हतं. तबकडीतला काटा मात्र थरथरत वर चढत होता. नेलपॉलिशच्या ठिपक्यावर येऊन तो थांबला.

पुन्हा शून्यावर आला नाही.

दरडी हटवणाऱ्यांनी त्या दोघांना खाली आणलं. आत्या तशीच दादाच्या शहरातल्या घरी गेली. पुढच्या खोलीत वहिनीचं आरशाचं कपाट उभं होतं. वर ताडपत्री, नीट घडी घातलेली.

"वजन बसत नव्हतं गं," दादा म्हणाला.

"कपाटाचं बसलं?"

"मी जीप पाठवणारच होतो तुम्हाला आणायला."

रस्ता बंद असताना!

ती पाणीसुद्धा न पिता निघाली.

पुढे दादाला बढती मिळाली. आणि तो वाळत चालला. गाल बसले, शर्ट लोंबायला लागले. वजन मात्र वाढत होतं. शेवटी त्यानेच आत्याला बोलावून दवाखान्यात बरोबर नेलं. तिच्यादेखत तो काट्यावर चढला. काटा त्याच्या वजनाशी थांबलाच नाही, पुढे निघून गेला. मशीन बिघडलंय, डॉक्टर म्हणाले. आत्याने मनात त्यातून दादाचं वजन वजा केलं.

उरला तो नेलपॉलिशचा ठिपका.

दादाने खाली न उतरताच विचारलं, "काटा… बरोबर आहे का गं?"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं.

"बरोबर, दादा."

बाबा आता नाहीत. मी आत्याला विचारलं, फसवलं ते बाबांनी, मग तू का अजून काट्याला भितेस?

"तुझ्या बाबांवर काकांचा कधीच विश्वास नव्हता रे," ती म्हणाली. "माझ्यावर होता."

परवा तिला दवाखान्यात घेऊन गेलो. नर्स म्हणाली, आजी, वजन करून घेऊ. आत्या उंबऱ्यातच थांबली. काही केल्या आत येईना. कोपऱ्यातल्या रिकाम्या काट्याकडे टक लावून बघत राहिली…

आणि हळूच म्हणाली,

"येतंय, काका."