द्राक्षाचा डाग

दार उघडताच ती आत आली आणि उभ्याउभ्याच बोलू लागली.

"काल मालकांनी मला फाटकावर चोर म्हटलं, कामावरून काढलं. साठ माणसांदेखत! आज चार वाजता पोलिसांना बोलावलंय."

मास्तरीणबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. पंचवीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यावर त्या आता लोकांची कोडी उलगडत. सोबतीला थोरले भाऊ, दादा. मनाने सोनं, डोक्याने जरा धिमे.

मुलगी फळांच्या अर्काच्या कॅप्सूल भरणाऱ्या कारखान्यात केमिस्ट होती. काळ्या द्राक्षांच्या सालींची भुकटी तिथे पहिल्यांदाच आली होती. डबीवर मोठ्या अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’.

"सोमवारी पिंप आलं. चिमूटभर भुकटीवर मी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. जांभळा रंग निळा-हिरवा झाला. खऱ्या द्राक्षाचा होतोच. मग सही केली, पिंपाला कुलूप लावलं. ते थेट गुरुवारी मशीनवर उघडलं. आणि आता गिऱ्हाइकाची तपासणी सांगते, कॅप्सूलमध्ये द्राक्ष नाहीच. नुसती पिठी आणि रंग!"

"किल्ल्या?"

"दोन. एक माझ्याकडे, एक मालकांच्या टेबलाच्या खणात."

"मग मालक तुलाच कसे धरतात?" दादांनी विचारलं.

"तो खण घरच्यांना उघडाच असतो. पण घरच्या माणसाला कोण धरणार?" ती कडाडली. "आजारी माणसं पोटाला चिमटा काढून या डब्या घेतात हो. त्यावर माझी सही आहे!"

कारखान्यात मालक आपल्या खोलीत ऐटीत बसले होते. "सही तिची, किल्ली तिची. अजून काय हवं?"

"दुसरी किल्ली तुमची."

"म्हणजे मी माझ्याच घरात चोरी केली?"

मास्तरीणबाई मशीनच्या खोलीत गेल्या. कॅप्सूल भरणारी मावशी आधीच तापलेली होती.

"मालकांना चहा मीच नेते. खण रोज दिसतो मला. घ्या लिहून! आणि हा एप्रन बघा. गुरुवारी भुकटी उडाली. दोनदा सोडा घालून उकळला, जांभळा तो जांभळाच."

दादा बाहेर येऊन कुजबुजले, "हीच असणार. किती तणतणते बघ."

"दादा, तणतणणं गुन्हा असता तर मी जन्मठेप भोगत असते."

खरेदी बघणारा मालकांचा जावई मात्र गोड बोलणारा. "पिंप आलं तेव्हा मी परगावी होतो. मंगळवारी परतलो. गोदामात पाऊलही टाकलं नाही. गुरुवारी मशीनवर डोकावलो, तेवढंच."

"बाहीला शाई लागली वाटतं?" दादांनी बोट दाखवलं. पांढऱ्या कडेवर शेवाळी-निळसर डाग होता.

"शाई कसली? तीच भुकटी. गुरुवारी मशीनवर उडाली. बायकोने साबण चोळचोळ चोळला, जातच नाही."

साडेतीनला मास्तरीणबाईंनी सगळ्यांना मालकांच्या खोलीत जमवलं. सोड्याचं पाणी आणि अर्धं लिंबू मागवलं. एक कॅप्सूल फोडून भुकटीवर सोड्याचा थेंब टाकला. रंग तसूभरही हलला नाही.

"ही गुरुवारची भुकटी. मावशींच्या एप्रनवर हीच आहे, म्हणून सोड्यात उकळूनही डाग जांभळाच राहिला. म्हणजे पिंप मशीनवर आलं तेव्हाच आतला माल नकली होता." त्या जावयाकडे वळल्या. "हात पुढे करा."

बाहीवर लिंबू पिळताच निळसर डाग गुलाबी झाला. दादांनी आ वासला.

"हे खरं द्राक्ष. सोड्यात निळं, आंबटात लाल. साबणातही सोडा असतोच, म्हणून तुमचा डाग निळा पडला. गुरुवारी मशीनवर खरी भुकटी कणभरही नव्हती. सोमवारी तुम्ही गावात नव्हता. अशी भुकटी यापूर्वी इथे कधी आलेली नाही. मग जावईबापू, ती तुमच्या बाहीवर उडाली कुठे? कुलपातल्या पिंपाशिवाय ती होती कुठे? खणातल्या किल्लीने पिंप उघडून तुम्ही खरा माल काढलात, नकली भरलात."

"सासरेबुवा, माझं ऐका, मी..."

"गप्प बस!" मालक ओरडले. आवाज चढला तसाच उतरला. "बाई, घरातली गोष्ट आहे. चार भिंतींत मिटवू. हिला परत कामावर घेतो."

लाज नावाची चीज काही लोकांकडे फक्त दुसऱ्यांना वाटायला असते. केमिस्ट मुलगी टेबलापुढे आली.

"चोर म्हणताना चार भिंती आठवल्या नाहीत? ज्या फाटकावर बोललात, तिथेच चला. माझा गुन्हा नाही, हे सगळ्यांसमोर सांगा. आणि दुकानांत गेलेली एकूण एक डबी परत आणा. त्यावर अजून माझी सही आहे."

चारचा भोंगा झाला. पाळी सुटली, माणसं फाटकाकडे निघाली. बाहेर पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज आला. ती मालकांनीच बोलावलेली होती.

मालक टेबलाची कड धरून उभेच राहिले. मावशीने दार सताड उघडलं.

"चला मालक," ती म्हणाली. "साठच्या साठ आहेत."