फेसावरचं ठिगळ

विमानाच्या इंधनाची आग विझवणारा फेस इथे तपासतात. अंगणाएवढी लोखंडी परात, तळाला पाणी, वर इंधन. पेटवायचं, फेस मारायचा, घड्याळ बघायचं. आग विझली की लांब दांड्याने मधोमध एक पेटतं भांडं ठेवायचं. फेस अस्सल असेल तर आग पुन्हा पसरत नाही.

मावशी इथे बूट धुते. तिचा थोरला इथेच फेस मारायचा.

गेल्या वर्षी दांडा मोडला होता. "फेसातून चालत जा आणि भांडं ठेव," साहेब त्याला म्हणाले. फेस फाटला. पोर गेलं. कागदावर साहेबांनी लिहिलं, मुलगा न विचारता आत शिरला.

"माझं पोर मला विचारल्याशिवाय ताटावरून उठत नव्हतं," मावशी वर्षभर रोज त्यांना ऐकवायची. "ते तुमच्या आगीत न विचारता जाईल होय? 'मीच त्याला पाठवलं', एवढी एक ओळ लिहा."

"मावशी, झालं ते झालं."

"तुमचं झालं. माझं जळलं."

आज पुन्हा तोच फेस तपासायला आला. भर दुपार. चाळिसाव्या सेकंदाला आग विझली. परातीवर जाड सायीसारखा पांढरा थर, कुठे सुरकुती नाही.

मग काठाजवळ फेस दबला. बुटाएवढा. त्याच्यापुढे दुसरा.

आत कोणी नव्हतं.

डाव्या टाचेखाली चौकोनी खूण उमटत होती. नवे बूट देत नव्हते मेले, म्हणून तिनेच पोराच्या बुटाला रबराचं ठिगळ लावलं होतं. पावलं मधोमध जाऊन थांबली. परतीचं एकही नाही.

"वारा आहे," साहेब म्हणाले.

"वारा बूट घालतो? तोही मी ठिगळ लावलेला?"

पाइप धरलेला जवान मागे सरकला. साहेबांनी मात्र भांडं न ठेवताच कागद ओढला, 'फेस योग्य' लिहून सही ठोकली. पेन निवांत खिशाला लावलं. तेच तिला झोंबलं.

"आता ती ओळ लिहा."

"पुरावा काय?"

काठाजवळ फेस पुन्हा दबला. रुंद पाऊल, कोरा तळवा. ठिगळाच्या पावलांशेजारून ते सरळ आत निघालं.

साहेबांनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. ते जागचे हलले नव्हते.

ते खुर्चीत बसले. मावशीने सवयीने त्यांचे बूट ओढून काढले.

बुटांचे तळवे फेसाने माखले होते. आणि आतून बूट हात लावू नये इतके तापले होते.